वस्तीतला मळा

घरामागच्या मोकळ्या जागेला आपल्याकडे परस म्हणतात. पुढचे अंगण पाहुण्यांचे, तुळशीचे आणि रांगोळीचे. मागचे परस मात्र घरच्या बाईचे. तेथे मोरीच्या पाण्यावर अळू वाढावयाचे, विहिरीच्या कडेला केळ उभी असावयाची, कुंपणावर दोडका नि घेवडा चढावयाचा, आणि आयत्या वेळी पाहुणा आला तरी भाजीची चिंता नसावयाची. शहरात राहावयास आल्यावर आपण पुष्कळ मिळविले. परस मात्र गमावले. आधी चाळीत आलो, मग ब्लॉकमध्ये, मग उंच इमारतीत. खिडकीतल्या दोन कुंड्या एवढीच आता त्याची खूण उरली आहे.

परंतु एकेकीचे परस गेले, तरी साऱ्या वस्तीचे मिळून एक परस असू शकते की नाही? हा प्रश्न काही केवळ आपल्यालाच पडलेला नाही. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जगातल्या निरनिराळ्या शहरांना तो पडत आला आहे, आणि त्याची जी उत्तरे निघाली ती समजून घेण्याजोगी आहेत. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी लेख मागितला तेव्हा हाच विषय घ्यावा असे मला वाटले. कारण, भगिनींनो, तो प्रश्न आता आपल्या दाराशी येऊन उभा आहे.

मंडळाच्या सभागृहामागे जो तीन-साडेतीन गुंठ्यांचा तुकडा आहे, तो आपण सर्वजणी रोज पाहतो. जुना वाडा पाडल्यापासून तेथे विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या ह्यांचेच पीक येत आहे. बांधकाम सुरू होईपर्यंत जागा वापरण्यास मालकांनी तोंडी होकार दिला आहे. तेथे वस्तीचा भाजीमळा करावा असे काही भगिनींना वाटते, काहींना वाटत नाही. न वाटणाऱ्यांचे आक्षेप तीन आहेत. पहिला, जागा आपली नव्हे. उद्या मालकांनी काढून घेतली तर गाळलेला घाम फुकट. दुसरा, मंडई चालत जाण्याच्या अंतरावर असताना चार जुड्या मेथीसाठी हा खटाटोप कशाला? तिसरा, पहिले चार महिने सगळ्यांना हुरूप असतो, पुढे खुरपे दोघी-तिघींच्याच हाती राहते. हे तिन्ही आक्षेप विचार करून घेतलेले आहेत, त्यांना हसून उत्तर देता येणार नाही. म्हणून ज्यांनी हे पूर्वी केले त्यांचे काय झाले, हे पाहणे बरे.

सुरुवात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरापासून करू. 1893 साली त्या देशात मोठी मंदी आली, कारखाने बंद पडले आणि हजारो मजुरांच्या घरी चूल पेटेनाशी झाली. त्या शहराचे महापौर होते हेझन पिंग्री. शहरात मोकळ्या जमिनी पुष्कळ पडून होत्या. मालकांनी त्या तात्पुरत्या वापरावयास द्याव्यात आणि बेकार कुटुंबांनी त्यांवर बटाटे, घेवडा पिकवावा, अशी योजना त्यांनी 1894 साली मांडली. वर्तमानपत्रांनी त्यांची थट्टा केली. बी-बियाण्यासाठी वर्गणी पुरेशी जमेना, तेव्हा पिंग्री ह्यांनी आपला आवडता घोडा लिलावात काढला. पहिल्याच वर्षी सुमारे 430 एकर जमिनीवर साडेनऊशेच्या आसपास कुटुंबांनी पीक काढले. हसणारे गप्प झाले आणि दुसऱ्या शहरांनी ही कल्पना उचलली. पण मंदी ओसरली तसे हे मळेही ओसरले. जमिनी उसन्या होत्या. भाव चढताच त्या मालकांकडे परत गेल्या.

इंग्लंडने दुसरा मार्ग धरला. तेथे गरीब कुटुंबांना लागवडीसाठी जमिनीचा लहान तुकडा अल्प खंडाने देण्याची रीत जुनी होती. 1908 साली पार्लमेंटने कायदा करून ती पक्की केली. गावातल्या किंवा शहरातल्या कोणत्याही सहा मतदारांनी अथवा करदात्यांनी अर्ज केला, तर स्थानिक संस्थेने त्याचा विचार केलाच पाहिजे आणि मागणी असेल तर जमीन पुरविली पाहिजे, असे त्या कायद्याने ठरविले. एका तुकड्याचे रूढ माप दहा रॉड, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे अडीच गुंठे. पुढे 1925 च्या कायद्याने आणखी एक कुलूप घातले: ह्या कामासाठी घेतलेली जमीन सरकारच्या मंत्र्याच्या संमतीवाचून नगरपालिकेला विकता येणार नाही. आपल्या पहिल्या आक्षेपाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतर दोन महायुद्धे झाली. दुसऱ्या युद्धात इंग्लंडमध्ये अशा तुकड्यांची संख्या 14 लाखांच्या घरात गेली. लंडनच्या किल्ल्याच्या कोरड्या खंदकातसुद्धा भाजी लावली गेली. अमेरिकेत 1943 साली सुमारे दोन कोटी कुटुंबांनी भाजीचे वाफे केले, आणि देशातल्या ताज्या भाजीपैकी जवळजवळ 40 टक्के भाजी त्यांतून निघाली असा अंदाज तेव्हा केला गेला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट ह्यांनी व्हाइट हाउसच्या आवारातही भाजी लावविली. युद्ध संपले, डब्यातले अन्न पुन्हा मुबलक मिळू लागले, आणि अमेरिकेतील बहुतेक वाफ्यांवर पुन्हा हिरवळ आली. इंग्लंडमधलेही पुष्कळ तुकडे गेले, तथापि जे कायद्याने बांधलेले होते त्यांतले पुष्कळ टिकले. आजही तेथे लोक तुकड्यासाठी नाव नोंदवून वाट पाहतात.

आपल्या देशानेही हे दिवस पाहिले आहेत. बंगालमध्ये दुष्काळ पडला त्या 1943 साली मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम निघाली. माझ्या सासूबाई त्या काळच्या रांगांच्या गोष्टी सांगत असत. मला स्वतःला आठवतो तो 1965 चा काळ. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री ह्यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते आणि आपल्या बंगल्यासमोरच्या हिरवळीवर नांगर फिरविला होता. आमच्या घरी सोमवारी संध्याकाळी स्टोव्ह पेटत नसे, आणि त्याची आम्हा मुलांना तक्रारही वाटत नसे, कारण शेजारच्या घरीही तो पेटत नसे. संकटाच्या वेळी सगळ्यांना एकत्र येता येते, हे त्या दिवसांनी दाखविले. पण संकट सरल्यावर काय? मला वाटते, वस्तीच्या मळ्याची खरी परीक्षा तेथेच आहे.

ह्या परीक्षेत ज्या उतरल्या, त्या न्यूयॉर्कच्या बायका. त्यांची हकीकत जरा सविस्तर सांगते.

ब्रुकलिन ह्या न्यूयॉर्कच्या भागात हॅटी कार्थन नावाच्या कृष्णवर्णीय बाई राहत होत्या. त्यांचा जन्म 1900 सालचा. त्यांच्या वस्तीकडे शहराचे लक्ष नव्हते. घरे पडू लागली होती आणि रस्त्यावरची झाडे एकामागून एक मरत होती. 1964 साली, म्हणजे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्यांनी गल्लीतल्या मोजक्या शेजाऱ्यांना जमवून गल्लीचे मंडळ काढले. आधी चार झाडे लावली. पैसे जमविण्यासाठी गल्लीत खाद्यपदार्थांचा मेळावा भरविला आणि त्याचे निमंत्रण थेट महापौरांना धाडले, महापौर आलेसुद्धा! पुढे त्यांच्या खटपटीने वस्तीत पंधराशेच्या वर झाडे लागली. लफाएत अव्हेन्यूवर 1885 च्या सुमारास दक्षिणेतून आणून लावलेला मॅग्नोलियाचा एक वृक्ष तोडला जाणार असे दिसताच त्या त्याच्या मागे उभ्या राहिल्या, आणि 1970 साली शहराने त्या वृक्षाला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला. आपण इमारतींना देतो तो दर्जा एका झाडाला! त्या 1984 साली वारल्या. ज्या वस्तीच्या बागेस त्यांचे नाव आहे, तेथे पुढे शेजाऱ्यांनी पिकविलेल्या भाजीचा बाजारही भरू लागला.

मॅनहॅटनच्या दक्षिण भागातली कथा लिझ क्रिस्टी ह्या चित्रकार तरुणीची. 1970 नंतरच्या त्या वर्षांत न्यूयॉर्क शहर दिवाळ्याच्या काठावर आले होते. घरमालक कर भरीनात, इमारती टाकून जात. कित्येक इमारतींना आगी लागत. कर थकला की जागा शहराच्या नावावर येई आणि शहर ती पाडून तशीच टाकून देई. गल्लोगल्ली असे उकिरडे झाले होते. 1973 साली लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या मित्रमंडळींनी बॉवरी आणि हाउस्टन ह्या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरचा असाच एक उकिरडा साफ करावयास घेतला. राडारोडा उचलला, कुंपण घातले, मिळेल तेथून चांगली माती आणली आणि साठ गादीवाफे करून त्यांत भाजी लावली. ज्या जागी कुंपणामुळे आत जाता येत नसे तेथे ही मंडळी बी आणि खत भरलेले गोळे बाहेरूनच फेकीत. 1974 च्या एप्रिलमध्ये शहराने ती जागा त्यांना भाड्याने दिली. भाडे किती? महिना एक डॉलर. जागेचे नावच ठेवले होते बॉवरी हाउस्टन कम्युनिटी फार्म अँड गार्डन. शेत आधी, बाग नंतर.

त्या एका कोपऱ्याचे पाहून इतर वस्त्यांतले लोक विचारावयास येऊ लागले. कोठली माती आणावी, कोणती रोपे सावलीत जगतील, परवानगीचा अर्ज कसा लिहावा, हे लिझ क्रिस्टी आणि त्यांचे सोबती गल्लोगल्ली जाऊन शिकवू लागले. 1978 साली शहराने ह्या कामासाठी ग्रीनथंब नावाचा स्वतंत्र विभाग काढला. लिझ क्रिस्टी 1985 साली, चाळिशीच्या आतच वारल्या. त्या बागेला आता त्यांचे नाव आहे, आणि त्या विभागाकडे साडेपाचशेच्या वर बागा नोंदलेल्या आहेत.

तिसरी बाई कॅरन वॉशिंग्टन. ह्या शारीरिक उपचार करणाऱ्या, म्हणजे आपण ज्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतो त्यांतल्या. मुलांना घेऊन 1985 साली ब्राँक्स भागात घर केले. समोर नुसता कचऱ्याचा मोकळा तुकडा. 1988 साली शेजाऱ्यांसह त्यांनी तेथे मळा केला आणि त्याला 'आनंदाची बाग' अशा अर्थाचे नाव दिले. दहा वर्षांनी आसपासच्या बागांचा एक संघ केला आणि पुढे संघाने आपला भाजीबाजार सुरू केला. नोकरी, मुले आणि घर सांभाळून हे झाले. आपल्यापैकी पुष्कळजणींना हे गणित ओळखीचे वाटेल.

आता कोणी म्हणेल, हे सारे गोड झाले. तसे नाही. ग्रीनथंबच्या करारात, शहराला हवी तेव्हा जागा रिकामी करून द्यावयाची, ही अट होती. बागांमुळे गल्ल्या राहण्याजोग्या झाल्या, तशा जमिनींच्या किमती चढल्या. आणि मग ज्यांनी उकिरड्याची बाग केली होती त्यांच्याच बागा विकावयाचे ठरले! 1999 साली शहराच्या कारभाऱ्यांनी शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या. त्यामागे शहराला घरे हवी आहेत हे कारण होते, आणि ते कारण खोटे नव्हते. गाजावाजा पुष्कळ झाला. अखेर लिलावाच्या तोंडावर दोन संस्थांनी मिळून सुमारे 42 लाख डॉलर देऊन त्या बागा विकत घेतल्या. त्यांतली एक संस्था चित्रपट-अभिनेत्री बेट मिडलर ह्यांनी स्थापन केलेली होती.

परंतु सगळ्याच बागांचे नशीब असे नव्हते. सातव्या रस्त्यावरच्या 'एस्पेरान्सा' नावाच्या बागेत पोर्तो रिकोहून आलेल्या कुटुंबांचे वीस वर्षांहून अधिक श्रम होते. एस्पेरान्सा म्हणजे आशा. ती वाचविण्यासाठी लोकांनी बागेत बेडकाच्या आकाराचा मोठा मांडव उभारून रात्रंदिवस पहारा केला. 2000 सालच्या फेब्रुवारीत एका सकाळी बुलडोझर आला आणि बाग गेली. बागांची विक्री थांबविण्याचा न्यायालयाचा तात्पुरता हुकूम त्याच दिवशी निघाला. पण तोपर्यंत तेथे माती उरली होती. त्या दाव्यात 2002 साली तडजोड झाली. शेकडो बागा राखल्या गेल्या, काहींच्या जागी घरे उठली. आशा गेली, पण तिच्यामुळे इतर वाचल्या, असे म्हणता येईल.

ह्याहून कडू अनुभव लॉस अँजेलिसचा. त्या शहराच्या दक्षिण भागात 14 एकर जमीन शहराने 1986 साली कचरा जाळण्याच्या कारखान्यासाठी सक्तीने घेतली. वस्तीतल्या बायकांनी पुढाकार घेऊन तो कारखाना रद्द करविला. 1992 साली तेथे मोठी दंगल झाली. त्यानंतर 1994 मध्ये ही पडून असलेली जमीन तात्पुरत्या परवान्याने मळ्यासाठी मिळाली. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली सुमारे 350 कुटुंबे तेथे राबू लागली. मका, मिरची, भोपळे, चौचौ, भाजीला लागणारी निवडुंगाची कोवळी पाने, असे आपापल्या मुलखातले वाण त्यांनी लावले. देशातल्या शहरी मळ्यांत तो फार मोठा गणला जाई. पण परवाना तो परवानाच. 2003 साली शहराने ती जमीन सुमारे 50 लाख डॉलरला पूर्वीच्या मालकाला परत विकली. मालकाने जागा सोडावयास सांगितले. शेतकऱ्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या, जमीन विकत घेण्यासाठी देणगीदार मिळविले. मागितलेली किंमत एक कोटी 60 लाख डॉलरच्या वर होती. सौदा जमला नाही. 13 जून 2006 रोजी पोलिसांनी लोकांना बाहेर काढले आणि उभ्या पिकावर यंत्र फिरले. पुढे कित्येक वर्षे ती जमीन मोकळीच पडून होती.

ह्या साऱ्या हकिकतींचे सार पहिल्या आक्षेपापुरते असे: ज्यांच्याकडे कागद होता त्यांचे टिकले, ज्यांच्याकडे केवळ सद्भावना होती त्यांचे मालकाच्या मर्जीवर राहिले. तोंडी होकार हा होकार खरा, पण तो देणाऱ्याच्या मनाबरोबर बदलतो, आणि त्याच्या मुलाच्या मनात तर तो नसतोच. त्यात मालकांना दोष देण्याचे कारण नाही. आपणच त्यांना लेखी करार मागितला पाहिजे. मात्र जागा कायमची नाही म्हणून मळाच करू नये, हेही खरे नव्हे. जर्मनीत बर्लिन शहरी 2009 साली एका पडीक चौकात काही जणांनी मळा केला. जागा वर्षावर्षाच्या कराराची होती. म्हणून त्यांनी जमिनीत काही न लावता बेकरीचे प्लास्टिकचे ट्रे आणि तांदळाची पोती ह्यांत लागवड केली. दहा वर्षांनी मुक्काम हलविण्याची वेळ आली तेव्हा मळा संसारासारखा बांधून एका जुन्या दफनभूमीच्या आवारात नेता आला. बिऱ्हाड करूंना असेच राहावे लागते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

दुसरा आक्षेप खर्चाचा. केवळ भाजीच्या भावाने हिशेब केला तर आक्षेप घेणाऱ्या भगिनी जिंकतील. तीन गुंठ्यांतून शंभर घरांची मंडई बंद होणार नाही. पण उकिरड्याचाही एक खर्च असतो, तो कोणी वहीत मांडीत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात 541 पडीक जागा घेऊन एक मोठा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीने काही जागा निवडून तेथला कचरा काढला, गवत आणि थोडी झाडे लावली, ठेंगणे कुंपण घातले. काही जागा केवळ स्वच्छ केल्या, आणि काही होत्या तशाच ठेवल्या. 2018 साली निष्कर्ष छापून आले. हिरवळ केलेल्या जागांजवळ राहणाऱ्या लोकांत उदास वाटत असल्याचे सांगण्याचे प्रमाण 40 टक्क्यांहून अधिक घटले, आणि गरीब वस्त्यांत बंदुकीचे गुन्हेही कमी झाले. तेथे भाजीसुद्धा लावलेली नव्हती! आपल्या सभागृहाच्या मागच्या खिडक्या आपण वास आणि डास ह्यांमुळे बंद ठेवतो. त्या उघडता आल्या तर त्याची किंमत मेथीच्या जुडीत कशी मोजावयाची?

आणि घरच्या कचऱ्याचेही आहेच. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज भाजीपाल्याची साले आणि देठ निघत. तेथल्या खानपान विभागातील अधिकारी प्रीती पाटील ह्यांनी 2002 साली ते फेकून न देता स्वयंपाकघराच्याच सुमारे 3000 चौरस फुटांच्या गच्चीवर त्याचे खत करून त्यात फळझाडे आणि भाजी लावण्यास सुरुवात केली. वांद्र्याच्या डॉ. दोशी ह्यांनी उसाचे चिपाड, पाचोळा आणि थोडी माती ह्यांवर गच्चीतली शेती करून दाखविली होती, तिचा हा पुढचा पाय. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर ह्यांच्या 'प्रयोग परिवारा'ने तर, थोड्या जागेत पुष्कळ पिकविता येते, हे साध्या माणसांनाच प्रयोग करावयास लावून पटविले होते. ओला कचरा वेगळा ठेवणे 2016 च्या नियमांनी घराघरावर आले. तो वेगळा ठेवून पुढे त्याचे काय करावयाचे, ह्याचे उत्तर आपल्या सभागृहामागे आहे.

येथे सावधगिरीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाडलेल्या घराच्या जागेतली माती निर्मळ असेलच असे नाही. जुन्या तेलरंगांत शिसे असे, आणि आपल्या देशात सन 2000 पर्यंत पेट्रोलमध्येही शिसे होते. शिसे कुजत नाही, विरत नाही. जेथे पडले तेथे मातीत राहते, आणि लहान मुलांच्या बुद्धीच्या वाढीला ते फार घातक असते. म्हणून न्यूयॉर्कच्या बागांतून मूळ मातीवर जाड थर अंथरून वर आणलेल्या मातीचे उंच वाफे करतात. पालेभाज्या आणि कंद ह्यांना ह्या मातीचा दोष अधिक लागतो, वांगी-टोमॅटो-दोडका अशा फळभाज्यांना कमी. तेव्हा मातीची तपासणी झाल्याखेरीज एकही बी पेरू नये, आणि ती तपासणी सांगताना शिशाची स्वतंत्रपणे सांगावी.

राहिला तिसरा आक्षेप, कामाचा. ज्या बागा टिकल्या त्यांची घडण साधारण एकसारखी दिसते. प्रत्येक घराचा आपला एक वाफा, म्हणजे आळस केला तर आपलेच तण दिसते. आणि काही वाफे सामाईक, त्यांचे काम ठरलेल्या वारी सगळ्यांनी मिळून करावयाचे. फाटकाच्या किल्ल्या एकीकडे न ठेवता अनेकींकडे. पाणी कोण घालणार त्याची पाळी भिंतीवर लिहिलेली. आठवड्यातले काही तास फाटक सर्वांना उघडे, कारण ज्या बागेत शेजारी येऊ शकत नाहीत तिच्यासाठी शेजारी भांडतही नाहीत. लिलावाच्या वेळी न्यूयॉर्कमध्ये जे लोक रस्त्यावर आले ते काही सगळे बागवान नव्हते. बागेत बसावयास येणारे आजोबा आणि खेळणारी मुलेही त्यांत होती. भिशी आणि हळदीकुंकू आपण वर्षानुवर्षे चालवीत आलो आहोत. पाळी लावणे आणि पाळी पाळणे ह्यांत आपल्याला शिकण्यासारखे थोडेच आहे.

तेव्हा माझी सूचना अशी. मालकांकडे तीन वर्षांचा लेखी करार मागावा. जागा परत हवी झाल्यास उभे पीक निघेपर्यंत मुदत मिळावी, एवढी अट घालावी आणि आपणही जागा वेळेवर सोडण्याचे वचन लिहून द्यावे. मालकांनाही कागदाचा आधार हवा असतो. तीन वर्षे न मिळाली, एकच मिळाले, तर बर्लिनकरांसारखे पेट्या आणि पोती ह्यांत लावावे. माती तपासावी. पहिल्या वर्षी अर्ध्याच जागेवर लागवड करावी. बाकीच्या अर्ध्यात राडारोडा हलवून खताचे खड्डे करावेत. सामाईक वाफ्यांतली भाजी वस्तीतल्या बालवाडीला आणि ज्या वृद्धांना मंडईत जाववत नाही त्यांना द्यावी. ज्या भगिनींचा ह्यास विरोध आहे त्यांच्यापैकीच एकीला हिशेब पाहावयास सांगावे. त्यांनी घेतलेले आक्षेप पुढेही कोणी तरी घेत राहिले पाहिजेत.

मालकांना द्यावयाच्या विनंतिपत्राचा मसुदा करून तो चिटणीसबाईंकडे दिला आहे. इंग्लंडच्या त्या कायद्याला सहा नावे पुरत. आपल्या पत्रावर आजपर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत, आणि खाली जागा पुष्कळ आहे.